झाकत गेलेलं घर

साठ हात लांब. वीस हात रुंद. तीस हात उंच.

एवढंच उरलं तुझं. माप.

आणि तेही कुणाच्या हाताचं? कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा तो हात कुणाचा होता? मोरियाच्या टेकडीवर, दोरीच्या टोकाशी, भल्या सकाळी कुणी तो जमिनीला टेकवला? तुझी हकीगत ज्यानं कित्येक पिढ्यांनंतर पुन्हा लिहून काढली, त्याला आवर्जून सांगावं लागलं की हे हात जुन्या मापाचे. म्हणजे तेव्हाच नवं माप आलं होतं. तेव्हाच तो हात मातीत गेला होता.

यरुशलेमच्या घरा, शलमोनानं उभारलेल्या घरा, तुझ्याशी बोलायला बसले तर समोर ठेवायला माझ्याजवळ दगड नाही. तुळई नाही. चिमूटभर राख नाही. आकडे आहेत फक्त, आणि ऊन कधीच न लागलेल्या फरशीसारखे ते गार लागतात.

तरी बसते.

आधी तू झाड होतंस.

लेबनॉनच्या डोंगरात, बर्फाच्या शेजारी, गंधसरूच्या खोडाखोडांतून तू उभं होतंस आणि आपण घर होणार आहोत हे तुला ठाऊक नव्हतं. सोरच्या राजानं, हीरामनं, होकार पाठवला. कुऱ्हाडी वर चढल्या. महिन्याला 10,000 माणसं. एक महिना डोंगरात, दोन महिने घरी, अशा पाळीनं 30,000. शिवाय ओझी वाहणारे 70,000. दगड फोडणारे 80,000. त्यांच्यावर मुकादम 3,300. मुकादमांचा आकडा वरच्या तीनशेंसकट टिकला. ओझं वाहणाऱ्या एकाही खांद्याचं नाव टिकलं नाही. वेठीची माणसं होती ती. तुझ्या सौंदर्याकडे पाहताना हे मला बाजूला सारता येत नाही, आणि सारावंसंही वाटत नाही.

मग ओंडके समुद्रात सोडले. तराफे बांधून, किनाऱ्याकिनाऱ्यानं, खाली याफोपर्यंत. मला तुझा हाच काळ फार जवळचा वाटतो: जेव्हा तू ना झाड होतंस, ना घर, पाण्यावर आडवं पडून, राळेचा वास लाटांवर सांडत, रात्री चांदण्यात ओलं चमकत, आपल्याच सावलीला टेकून तू हळूहळू दक्षिणेकडे येत होतंस, आणि बदल्यात सोरच्या राजवाड्याकडे वर्षाला 20,000 कोर गहू निघाला होता, कुटून काढलेलं तेल निघालं होतं, म्हणजे एका देशाची शेतं वर सरकत होती आणि दुसऱ्या देशाचं रान खाली येत होतं, आणि मधे कुठेतरी समुद्रावर ती दोन्ही एकमेकांना ओलांडून जात असतील.

त्या ओलांडण्याचा आवाज कुणी लिहिला नाही.

आवाज नसण्याबद्दल मात्र लिहिलं आहे.

तुझं काम सुरू झालं जिव महिन्यात, राजाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी. संपलं बूल महिन्यात, अकराव्या वर्षी. सात वर्षं. त्या सात वर्षांत तुझ्या जागेवर हातोडा वाजला नाही. छिन्नी वाजली नाही. लोखंडाचं कुठलंच हत्यार बोललं नाही. दगड खाणीतच घडले, खाणीतच तासले, कोन साधूनच वर आले आणि जणू एकमेकांना आधीपासून ओळखत असल्यासारखे शेजारी शेजारी बसले.

काय ऐकू येत असेल मग? दोरांची कुरकुर. अनवाणी पायांची फरफर. ओल्या मातीवर लाकडी घसरगाडी. शंभर छात्यांतून एकदम सुटलेला श्वास. कुणाला काही सांगायचं तर हात हलवून सांगत असतील. आणि संध्याकाळी टेकडी उतरल्यावर, पहिल्यांदा मोठ्यानं बोलताना, त्या माणसांना आपलाच आवाज परका वाटत असेल.

बाजूनं तुला तीन मजली खोल्या होत्या. खालची पाच हात रुंद, मधली सहा, वरची सात. तुझी भिंत वर जाताना पायरी पायरीनं आत घेतली होती, म्हणून. तुळया त्या पायऱ्यांवर टेकायच्या. तुझ्या भिंतीत एकही तुळई खुपसायची नव्हती, एकही खोबण पाडायची नव्हती.

इतकं जपलं तुला.

आणि मग झाकलं.

दगडावर गंधसरू चढला. पायापासून छतापर्यंत फळ्या, जमिनीवर सुरूचं लाकूड. आत उभं राहिलं तर दगड कुठेच दिसायचा नाही. इतक्या निगुतीनं घडवलेला, शब्द न करता आणलेला, कोन साधलेला तो दगड. कुणाच्या नजरेलाच पडायचा नाही. त्या फळ्यांवर कोरीव काम झालं. रानफळांचे गोल. उमललेली फुलं. खजुरीची झाडं. पंख पसरलेले करूब. आतल्या दालनात कोरलं, बाहेरच्या दालनात कोरलं, दारांच्या फळ्यांवर कोरलं. लाकडाच्या रेषेला साजेल अशी पाकळी, पाकळीला साजेल असा देठ. सुतारानं तोंडातला श्वास रोखून शेवटची पाकळी मोकळी केली असेल.

आणि मग त्यावर सोनं चढलं.

भिंतींवर. छतावर. पाकळ्यांच्या आतल्या खळग्यांत दाबून बसवलेलं सोनं. पायाखालच्या जमिनीवरसुद्धा. पर्वाइमचं सोनं म्हणतात. आणि पर्वाइम हा प्रदेश कुठला ते आज कुठल्याच नकाशाला सांगता येत नाही. तू गेलंस, तुझं सोनं गेलं, सोन्याचं गावही गेलं. खिळेदेखील सोन्याचे.

दगड लाकडानं झाकला. लाकूड सोन्यानं. आणि सोनं?

सोनं अंधारानं.

हे मी पुन्हा पुन्हा वाचते. तुझं सगळ्यात आतलं दालन वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच होतं. सहाही बाजूंनी सारखं, आणि सहाही बाजूंनी सोन्यानं मढवलेलं. तिथं खिडकी नव्हती. दिवा नव्हता. ज्याच्यासाठी ते घर, तो दाट अंधारात राहणार, असं राजानंच सगळ्यांसमोर सांगितलं. मग ते सोनं कुणासाठी होतं? ज्या भिंतीवर उजेड कधीच पडणार नाही, तिच्यावर फुलं उमलवली कुणी? कारागिराला माहीत होतं. शेवटची पाकळी दाबून, समई उचलून तो बाहेर पडला, त्या क्षणी त्याच्या पाठीमागे सगळी फुलं एकदम मिटली. पुन्हा कुणी ती पाहणार नव्हतं. वर्षातून एकदा एकच पुरोहित आत जायचा, हातात धूप, आणि धुरानं उरलासुरला आकारही पुसायचा.

मला वाटतं, तुला दाखवण्यासाठी बांधलंच नव्हतं. तू झाकण्यासाठी बांधलेलं होतंस. थरावर थर. आवरणावर आवरण. निळ्या, जांभळ्या, किरमिजी धाग्यांचा पडदा, त्यापुढे सोन्याच्या साखळ्या, साखळ्यांपुढे दालन, दालनापुढे ओसरी. आत, आत, आणखी आत. आणि जिथं सगळ्यात आत पोहोचलो असं वाटावं, तिथं दोन करूब.

जैतुनाच्या लाकडाचे. दहा दहा हात उंच. एकेक पंख पाच हातांचा. एकाचा पंख या भिंतीला टेकलेला, दुसऱ्याचा त्या भिंतीला, आणि आतले दोन पंख मधोमध एकमेकांना टेकलेले. पाच, पाच, पाच, पाच. वीस हातांची खोली पंखांनी बरोबर भरली. बोटभरही मोकळी जागा नाही. अंधारात, डोळे उघडे ठेवून, टोकाला टोक लावून ते उभे राहिले. शतकं.

त्यांच्याखाली पेटी. पेटीत दोन दगडी पाट्या. बाकी काही नाही.

तेवढ्यासाठी हे सगळं. दोन दगडांसाठी.

पेटीला वाहून नेण्याचे दांडे होते, आणि ते इतके लांब होते की पडद्याअलीकडे, गाभाऱ्यासमोर उभं राहिलं तर त्यांची टोकं दिसायची. बाहेरून दिसायची नाहीत. ते दांडे काढले नाहीत. वाळवंटातून खांद्यावर आलेली ती पेटी आता सोन्याच्या घरात विसावली, तरी तिचे दांडे तसेच. मुक्काम झाला, पण उठायची तयारी ठेवूनच. घरा, तुला तेव्हाच समजलं होतं का?

उजेडाचं म्हणशील तर तुझ्या खिडक्या निमुळत्या होत्या. पुढच्या काळातल्या ज्यू गुरूंनी त्यांच्याविषयी एक सांगून ठेवलं आहे: लोक खिडक्या करतात त्या उजेड आत यावा अशा, याच्या खिडक्या उलट, आतून अरुंद आणि बाहेर रुंद. याला बाहेरचा उजेड नको होता. याचाच बाहेर जायचा होता. पाच समया उजवीकडे, पाच डावीकडे. जैतुनाचं तेल. रात्री डोंगराच्या पलीकडून येणाऱ्या मेंढपाळाला, अगदी वर, अंधाराच्या अंगावर, त्या अरुंद फटींमधून बाहेर पडणारी पिवळी रेघ दिसत असेल का? मी ती रेघ पाहते. पाहते म्हणजे काय, डोळे मिटते.

अंगणात मात्र सगळं उघडं होतं. उघडं, आणि सूर्याचं.

तिथली भट्टी लागली खाली यार्देनच्या खोऱ्यात, सुक्कोथ आणि सारतानच्या मधल्या चिकणमातीत. ओतारी सोरचा, नाव राजाचंच, हीराम. नफताली वंशातल्या विधवेचा मुलगा. बापही कांस्याचंच काम करायचा. बाप गेलेला, हातातलं कसब मागे ठेवून. मातीच्या साच्यात कांस्य ओतलं, साचा फोडला, आणि आतून निघाला खांब. अठरा हात उंच. बारा हात घेर. आतून पोकळ, जाडी चार बोटं. असे दोन. दक्षिणेचा याखीन, उत्तरेचा बवाज. दगडांना नावं दिली नाहीत, झाडांना दिली नाहीत, पण या दोघांना नावं दिली. त्यांच्या माथ्यावर कमळासारखी फुलं, फुलांभोवती जाळी, जाळीवर डाळिंबं. रांगेनं डाळिंबं.

आणि गंगाळसागर. काठापासून काठापर्यंत दहा हात, खोल पाच हात, तळहाताच्या रुंदीएवढा जाड, काठ फुलाच्या पाकळीसारखा बाहेर वळलेला. 2,000 बथ पाणी. खाली बारा बैल: तिघांची तोंडं उत्तरेला, तिघांची पश्चिमेला, तिघांची दक्षिणेला, तिघांची पूर्वेला, पाठी आत. चारी दिशांना पाहणाऱ्या त्या बैलांच्या पाठीवर एक आख्खं आकाश तोललेलं होतं, कारण सकाळी वारा पडलेला असताना त्या पाण्यात दुसरं काय दिसणार? ढग यायचा, बैलांच्या पाठीवरून जायचा. घार यायची, जायची. पुरोहित हात बुडवायचा, आणि आकाश फुटायचं, पुन्हा सांधायचं.

कांस्य इतकं लागलं की राजानं ते तोललंच नाही.

हे लक्षात ठेवावं लागेल. पुढे लागेल.

तू एका दिवसात गेलं नाहीस. हे मला फार उशिरा दिसलं, कारण आगीचा उजेड इतका प्रखर असतो की आधीचं काळवंडणं दिसत नाही. शलमोनाच्या मुलाच्या पाचव्या वर्षी मिसरचा शिशक आला आणि तुझं भांडार घेऊन गेला. पुढे अहाज राजानं चाकांच्या चौरंगांवरचे सिंह-बैलांचे पत्रे कापून काढले. गंगाळसागर बैलांच्या पाठीवरून उतरवला आणि दगडी फरशीवर ठेवला. हिज्कीयानं तर स्वतःच मढवलेलं दारांचं सोनं स्वतःच खरवडून दिलं. एकेक थर. ज्या क्रमानं तुला झाकलं होतं, त्याच्या उलट्या क्रमानं तू उघडं पडत गेलंस. म्हातारपणी माणूस होतो तसं.

बैलांवरून उतरवल्यावर ते पाणी कसं दिसत असेल? तेवढंच पाणी, तेवढंच आकाश. पण आता जमिनीलगत.

मग इ.स.पू. 586. पाचवा महिना. बाबेलच्या पहारेकऱ्यांचा सरदार नबूजरदान.

आग.

आगीबद्दल मी लिहिणार नाही. गंधसरू जळताना सुवास सुटतो, एवढं मला माहीत आहे, आणि तेवढं पुरे आहे. चारेकशे वर्षं कोंडलेला लेबनॉनचा वास त्या दिवशी पहिल्यांदा पुन्हा बाहेर पडला. सोनं वितळून फुलांच्या खळग्यांतून खाली ओघळलं असेल. आणि भिंत मोकळी झाल्यावर, इतक्या पिढ्यांनंतर, दगड पुन्हा दिसला असेल.

उजेडात.

पण मला थांबायचं आहे ते लुटीच्या यादीपाशी. खांब फोडले. गंगाळसागर फोडला. कांस्याचे तुकडे गाड्यांवर लादून बाबेलला नेले. जो हे लिहितो आहे, तो यादी करतो आहे: हंडे, फावडी, कातऱ्या, धूपपात्रं, वाट्या. कोरडी यादी. आणि मधेच त्याचा हात अडखळतो. खांबांपाशी येतो आणि पुढे जाता येत नाही त्याला. अठरा हात उंच, असं पुन्हा लिहितो. बारा हातांचा दोरा वेढला जायचा, असं लिहितो. पोकळ होते, लिहितो. चार बोटं जाड. वर पाच हातांचा कळस. जाळी. आणि डाळिंबं. बाजूंना 96 डाळिंबं, आणि जाळीवर एकूण 100.

कोण मोजतं अशा वेळी? शहर जळलं आहे, राजाचे डोळे काढले आहेत, रस्त्यावर माणसं साखळीत चालली आहेत, आणि हा एक माणूस फुटलेल्या खांबांवरची डाळिंबं मोजतो आहे, मनातल्या मनात, कारण खांब तर आता नाहीतच. लहानपणी आईचा हात धरून अंगणात उभं असताना वर मान करून मोजली असतील तीच, आणि तेव्हाही चार दिसली नसतील, मागच्या बाजूची, भिंतीकडची, आणि तरी ती आहेत हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो शहाण्णववर थांबत नाही, शंभर लिहितो.

ती चार त्यानं कधीच पाहिली नाहीत. तीही गमावली.

आणि त्याच ओळींच्या आसपास एक वाक्य: या सगळ्या कांस्याचं वजन करता येण्याजोगं नव्हतं. घडवताना तोललं नव्हतं. मोडतानाही तोललं गेलं नाही.

एक डाळिंब सापडल्याची वार्ता मधे आली होती. अंगठ्याएवढं, मानेभोवती जुन्या हिब्रू अक्षरांची ओळ; तुझ्या पुरोहितांच्या हातातलं, असं वाटावं अशी. इस्रायल म्युझियमनं 1988 साली ते 5,50,000 डॉलरना घेतलं, काचेत ठेवलं, वर एकच झोत. लोक त्यासमोर रांगा लावून उभे राहिले. पुढे 2004 मध्ये तज्ज्ञांनी तपासून सांगितलं: डाळिंब जुनं आहे, तुझ्याहूनही जुनं, अक्षरं मात्र अलीकडच्या कुणीतरी कोरलेली. मला त्या खोट्या अक्षरांचा राग येत नाही. नेमका येत नाही. ज्यानं कोरली त्यानं पैशासाठीच कोरली असतील. पण जे रांगेत उभे होते त्यांचं उभं राहणं खोटं नव्हतं.

पन्नासेक वर्षांनी लोक परतले. सोन्यारुप्याच्या वाट्या परत मिळाल्या. खांब परत यायला शिल्लकच नव्हते. नवा पाया घातला. कर्णे वाजले, झांजा वाजल्या, तरुणांनी जल्लोष केला. आणि ज्या म्हाताऱ्यांनी तुला पाहिलं होतं, ते त्याच जागी, त्याच वेळी, मोठमोठ्यानं रडले. जल्लोष कुठला आणि आक्रोश कुठला ते ऐकणाऱ्यांना वेगळं करता येईना. त्यांच्या डोळ्यांसमोर पायाच्या दोऱ्या होत्या, आणि डोळ्यांमागे तू.

ते म्हातारे गेले तेव्हा तू दुसऱ्यांदा गेलंस. या मरणाची तारीख कुठंच नाही.

दुसरं घर उभं राहिलं. त्याच्याही आत आतलं दालन होतं, पण पेटी नव्हती. करूब नव्हते. जमिनीतून तीन बोटं वर आलेला एक खडक, बस्. इ.स.पू. 63 मध्ये रोमचा सेनापती पॉम्पी पडदा सारून सरळ आत शिरला. काय असेल आत, याची त्याला उत्सुकता होती. आत काही नव्हतं. मला त्या क्षणाचा पॉम्पी दिसतो: अंधाराला सरावणारे डोळे, मग रिकामी जमीन, रिकाम्या भिंती, आणि हातातली मशाल नेमकी कुठं धरावी ते न कळणं. तो तुझी अनुपस्थिती पाहत होता. इतक्या जवळून ती फार थोड्या परक्यांनी पाहिली.

बंदिवासातल्या एका पुरोहितानं, यहेज्केलानं, तुला मनात पुन्हा बांधलं होतं. बाबेलच्या मुलखात, दृष्टान्तात. हातात मोजकाठी घेतलेला एक जण त्याला दारादारांतून फिरवतो, उंबरे मोजतो, भिंती मोजतो, अंगणं मोजतो. पानामागून पानं नुसती मापं. ते घर कधीच बांधलं गेलं नाही. आणि त्या घराचा हात नेहमीच्या हातापेक्षा तळव्याएवढा मोठा होता. हात, आणि वर चार बोटं.

ती चार बोटं कुठून आली, मला विचारू नये कुणी.

आज त्या टेकडीवर दुसऱ्या प्रार्थना आहेत. सातव्या शतकाच्या अखेरीपासून घुमट आहे, निळ्या फरश्या आहेत, पाच वेळांची अजान आहे, पायऱ्यांवर बसलेली मुलं आहेत. खाली पश्चिमेच्या भिंतीच्या फटींत चिठ्ठ्या आहेत. पण ती भिंतही तुझी नाही, ती हेरोदाच्या चौथऱ्याची. तुझ्यावर कुदळ चालत नाही. चालू नये. तू खाली आहेस की नाहीस, या प्रश्नावर इतकी माणसं उभी आहेत की तुझं नसणंच आता वजनदार झालं आहे.

अब महिन्याच्या नवमीला ज्यू जमिनीवर बसतात. दिवे मंद करतात. विलापगीतं वाचतात. आणि पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल तेल्यांच्या घरी, या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत. मोड आलेले वाल. हिब्रू पोथ्या त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच्या पिढ्यांची ही आठवण. त्यांचे महिनेही आपल्यासारखेच अमावास्येपाठोपाठ सुरू होतात. म्हणजे ती नवमी आपल्या आषाढ-श्रावणातल्या शुद्ध नवमीच्या आगेमागेच येते. बाहेर धो धो पाऊस. ढगांआड अर्ध्याहून थोडा अधिक चंद्र. चुलीशी बसलेली बाई वाल सोलते आहे, आणि समुद्रापलीकडचं जे सोन्याचं घर तिच्या पणजीनंही पाहिलं नाही, त्याच्यासाठी आज घरात उपास आहे.

गंधसरू नाही. डाळिंबं नाहीत. ओल्या लाकडांचा धूर.

उत्तर सीरियात, ऐन दारा इथं, तुझ्या तोंडवळ्याचं एक देऊळ होतं. पुढे दोन खांब, मग ओसरी, मग दालन, मग गाभारा. अंगावर सिंह आणि पंखवाले प्राणी. त्याच्या उंबऱ्यावर दगडात पावलं कोरलेली होती, एकेक मीटरभर लांब. आधी दोन्ही पावलं शेजारी, थांबलेली. मग पुढच्या दगडावर डावं. मग आतल्या उंबऱ्यावर उजवं. आत जाणारी पावलं. बाहेर येणारं एकही नव्हतं. 2018 च्या जानेवारीत विमानातून पडलेल्या बॉम्बनं तेही देऊळ फुटलं. तुझा चेहरा ज्याच्या चेहऱ्यावरून थोडाफार ताडता यायचा, त्याचाही चेहरा गेला. इतकं सगळं एकाच घराण्याच्या वाट्याला यावं?

पण एक खापर आहे.

नेगेवच्या वाळवंटात, अराद इथल्या किल्ल्यात, 1960 च्या दशकात खणताना मिळालेलं. मडक्याचा तुकडा, त्यावर शाईनं लिहिलेलं पत्र. इ.स.पू. 600 च्या सुमाराचं. एल्याशीब नावाच्या किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याला कुणीतरी लिहिलंय: अमक्याला अमुक द्या, तमक्याला तमुक द्या. आणि शेवटी, जाता जाता, ज्या कामाचं तुम्ही सांगितलं होतं ते ठीक आहे, आणि तो माणूस परमेश्वराच्या घरी बसला आहे.

बसला आहे. वर्तमानकाळ.

त्याचं नाव खापरावर नाही. तो तिथं का बसला होता ते मला नको. पत्र लिहिलं गेलं तेव्हा तुझ्याकडे पंधरा-वीस वर्षंही उरली नव्हती, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो आपला बसला होता, कदाचित कंटाळून, कदाचित कुणाची वाट पाहत, पायरीवर, सावली सरकेल तसा सरकत. तुझ्याविषयी लिहिणारे सगळे राजे, पुरोहित, संदेष्टे, सेनापती. हा एकटाच असा, ज्याला तुझ्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं.

अरे बाबा, तू जो कुणी बसला आहेस, जरा माझ्याशी बोल. तुला कुठवर जाऊ दिलं रे? अंगणातच, की ओसरीपर्यंत? दुपारी ते खांब हाताला भाजतात का? बैलांची शिंगं पोरांनी धरून धरून गुळगुळीत झाली असतील ना? दार उघडझाप होताना आतलं काही दिसतं का, की नुसता वासच येतो, धुपाचा, जळक्या चरबीचा, जुन्या लाकडाचा? आणि एवढं एक सांग, कुणीच लिहून ठेवलेलं नाही म्हणून विचारते: दहा समया रोज रात्रभर जळतात, चारेकशे वर्षं जळतायत, वर छताकडे बघ जरा, सोन्यावर काजळी धरते का?